जुळीचं दुखणं

ताई आणि मी जुळ्या. ती जराशी आधी जन्मली म्हणून ताई. लहानपणी आई पाठमोरं बघून भलतीलाच रागवायची, इतक्या आम्ही सारख्या. लग्नं झाली आणि वाटा वेगळ्या झाल्या. ती रायपूरजवळच्या कारखान्यांच्या बीरगावात गेली. भाऊजी लोखंडाच्या कारखान्यात. तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांवर काळी भुकटी बसायची, आणि घरात भाऊजींची बिडी विझायची नाही. मी सरकारी नोकरी करते, राहते नव्या रायपुरात, मोकळ्या हवेत.

गेल्या उन्हाळ्यात ताईचा जबडा दुखू लागला. दाढ असेल म्हणून तिनं लवंग धरली. मग एका दुपारी भाजी चिरता चिरता ती घामानं निथळली. भाऊजींचा फोन आला, "लवकर ये. तुही बहीण कशीतरीच करून राहिली."

दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. काचेतून पाहिलं. खाटेवर मीच पडले होते. तेच कपाळ, तीच हनुवटी, तोंडावर मास्क. बाहेर आलेली नर्स मला बघून दचकली, तेव्हा तर मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जबड्याचं दुखणं दाढेचं नव्हतं; हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. तिथं स्टेंट घातला. ताई वाचली. डॉक्टरांनी भाऊजींना धीर दिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दीदी, तुमचीही तपासणी करून घ्या."

मी विचारलं, "तिला झालं म्हणजे मलाही होणारच का?"

ते म्हणाले, जीन्स दोघींचे सारखेच. पण धूर, काळजी, खाणं, झोप यांच्या खुणा वर्षानुवर्षं त्या जीन्सवर बसत जातात. त्या खुणांमुळे काही जीन्स जागे होतात, काही निजतात आणि नळ्यांना आतून सूज धरते. ताईच्या बाबतीत हेच घडलं की आणखी काही, हे ठामपणे सांगता येत नाही. "तुमच्यात काय झालंय, ते तपासल्याशिवाय कसं सांगू?"

त्या दिवसापासून माझं अंग माझं राहिलं नाही. दात घासताना जबड्यात कळ आली की हातातला ब्रश थांबायचा. ऑफिसचा जिना चढताना मी कठडा धरून ठोके ऐकत उभी राहायची. कुणी विचारलं तर चप्पल नीट करतेय असं दाखवायची.

तपासणीच्या दिवशी हृदयाच्या नळ्या फोटोत दिसाव्यात म्हणून हाताच्या शिरेतून औषध सोडलं, तशी सगळ्या अंगात ऊब पसरली. मला वाटलं, झालं, आता माझीही पाळी. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. नळ्या मोकळ्या होत्या.

मी बाकावर बसून रडले. पण सुटल्यासारखं वाटेना. दोघी एकाच पोटातून, एकाच वेळी आलेल्या. मग तिला जे झालं ते तिच्या जन्मातलं नसावं. ते बीरगावात राहून तिच्यात शिरलं असावं. आणि ती परत तिथंच चालली होती.

ताईला सांगायची हिंमत होत नव्हती. तिनंच विचारलं, "तुहं काय निघालं?"

"काही नाही निघालं."

तिनं माझा हात घट्ट धरला. "बरं झालं. काहून रडून राहिली मग?"

"तू माझ्याकडे राहायला चल ना."

"कशी येऊ? ह्यायची ड्यूटी इथंच. ह्यायनं बिडी सोडली, तेवढं तर झालं."

भाऊजींनी बिडी खरंच सोडली. डॉक्टर म्हणाले, काही खुणा हळूहळू पुसल्याही जातात. किती, कधी, ते कुणाला ठाऊक नाही.

आता मी दर रविवारी बीरगावला जाते. आम्ही दोघी संध्याकाळी थोडं चालतो. ताई बोलता बोलता मध्येच गप्प होते, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघते. ती हसते आणि म्हणते, "मले काही होऊन नाही राहिलं. चाल."

मी चालते. पण तिच्या श्वासावरचं लक्ष हटत नाही.