ठाकूरवाडीची लाल फ्रॉकवाली

मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "दुकानातच गेला गं... ट्यूब हातातच व्हती," एवढंच ती बोलली. मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मला फोनवर रडता येत नाही. खरं तर धड बोलताही येत नाही.

मामाचं चौक गावात, जुन्या हायवेवर, पंक्चरचं दुकान होतं. मे महिन्यात मी कर्जतहून त्याच्याकडे राहायला जायची आणि दिवसभर टायरच्या ढिगावर बसून राहायची. एकदा एका गाडीतली माणसं एक इंग्रजी कॉमिक दुकानात विसरून गेली. समुद्र, धुमसणारा डोंगर, चाचे, एक देखणा खलाशी आणि लाल फ्रॉकमधली एक मुलगी. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही दुकानाच्या पाटीपुरतंच. मी इंग्रजी शाळेत असले तरी तेव्हा जेमतेम अक्षरं ओळखत होते. मग तोच हात पुसून चित्रांवर बोट ठेवायचा आणि सुरू करायचा. "ही पोरगी आपल्या ठाकूरवाडीची. रोज घाट चढती, उतरती. हिला डोंगराचं काय भ्या?" चाचे तिला डोलकाठीला बांधतात, तिथे ती म्हणायची, "बांध रं, बांध. सुतळी तुजी हाय, पन गाठ सोडायला मला येती." आणि खलाशी दोरीला लटकून आला की, "ए हिरो, सरक बाजूला. शर्ट मळंल तुजा." चाक होईपर्यंत थांबलेले ट्रकवालेही ऐकत बसायचे. एखादा विचारायचा, "सुटली का रं पोरगी?"

तिसरीत गेले आणि मला वाचता यायला लागलं. एका दुपारी चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "मामा, असं लिहिलेलंच नाहीये. ती नुसती 'वाचवा, वाचवा' म्हणते." एक ड्रायव्हर खो खो हसला. "घावलास! भाचीनंच पकडला तुला." मामाने माझ्याकडे पाहिलं, "नाय लिवलं? बरं," म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागला. पुढच्या सुट्टीत त्याने तीच गोष्ट पुन्हा तशीच सांगितली. हट्टी आहे, असं मला वाटलं. हळूहळू मी ऐकणं सोडलं...

दशक्रियेला नात्यातले एक निवृत्त मास्तर सगळ्यांना सांगत होते, "माणूस चांगला, पण अंगठाछाप. पोरीला थापा मारायचा आणि तिला त्या खऱ्या वाटायच्या." लोक हसले. दुःखाच्या घरात हसायला काहीतरी लागतंच. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

दोन दिवसांनी मामीबरोबर दुकान आवरायला गेले. ते कॉमिक पंक्चरच्या पट्ट्यांच्या खणात होतं, कडांना ग्रीस लागलेलं. टायरवर बसून मी ते पहिल्यांदाच सलग वाचलं. समुद्र अजून तसाच निळा, डोंगर तसाच भीतिदायक. मात्र ती मुलगी पुस्तकभर रडते, किंचाळते आणि शेवटी आभार मानते. इतक्या फुसक्या पुस्तकावर मी लहानपणी जीव टाकला होता?

मास्तरांचं बोलणं मी मामीला सांगितलं. ती चक्क हसली. "थापा? अगं, तू त्याला बोललीस ना, त्याच आठवड्यात कालेजचा एक पोरगा आला पंक्चर काढायला. ह्यानं चाक खोललं आन् त्याच्या हातात ह्ये पुस्तक दिलं. म्हनला, आख्खं मराठीत सांग, मग चाक लावतो. तो बिचारा घामाघूम! सगळं ऐकून घेतलं आन् मला म्हनतो, 'ती पोरगी नुसती रडती गं. आपली पोर आदीच कुनाशी बोलत नाय. तिला ह्ये असलं वाचून दावू?'"

म्हणजे त्याला माहीत होतं. पुस्तकात काय आहे ते अक्षर न् अक्षर ऐकून, त्याने ते नापास केलं होतं.

जुन्या कॉमिकांच्या एका ग्रुपवर मी मुखपृष्ठाचा फोटो टाकला, तर एकाने लगेच बजावलं, "दुर्मीळ आहे, पेनाचा ठिपकाही पडू देऊ नका." मी त्याच दिवशी पांढऱ्या शाईची बाटली आणली. मुलीच्या संवादाचा एकेक फुगा त्या शाईने पुसला आणि त्यात मामाची वाक्यं लिहिली. माझं मराठी अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन मामीच्या बोलण्यासारखं. जे आठवलं नाही ते मामीने सांगितलं. "हितं ती चाच्याला 'मेल्या' बोलती, घाल." घातलं.

शेवटच्या चित्रात ती मुलगी आणि खलाशी जहाजावर उभी आहेत. तिथला तिचा फुगा मामा कधीच बोलला नाही. दर वेळी तिथे थांबून म्हणायचा, "हितं काय बोलंल ती? तू सांग." मी नकारार्थी मान हलवायची आणि तो पुस्तक मिटायचा. परवा मी लिहिलं, "सुकाणू माझ्याकडे दे."

पुढच्या रविवारी महिन्याचं श्राद्ध आहे. मास्तर येणार आहेत. सगळे जेवायला बसायच्या आधी मी हे पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्याने वाचणार आहे. आवाज कापेल... कापू दे.