घाट चढून आलेली हिरवी सायकल

समोरच्या घराचं लोखंडी फाटक आज रंगवायला घेतलं आहे. रंगारी जुना रंग आधी ज्योतीनं जाळतो आणि मग खरवडतो. त्या जळक्या रंगाचा वास आत आला तसा मी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकी लावून घेतली. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला धूर सोसत नाही. वाटू दे. भुताखेतांच्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो, मास्तरकी केलेल्या माणसाला ते शोभतंही. पण मी कधी शिट्टी वाजवत नाही, आणि हा वास आला की पाठीवरून कुणी गार बोट फिरवल्यासारखं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. वडील बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते, आई जानेफळच्या शेतकऱ्याची लेक. माझा थोरला भाऊ घाटाखाली मलकापूरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सोमवारी पहाटे सायकलवर घाट उतरायचा, आठवडाभर तिथंच राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी सायकल ढकलत घाट चढून घरी यायचा. ती सायकल त्यानं जुनी घेतली होती आणि स्वतःच्या हातानं हिरवी रंगवली होती, पोपटाच्या पंखासारखी. कचेरीतले लोक हसायचे. तो गल्लीच्या तोंडाशी आला की एक लांब शिट्टी घालायचा आणि आई तवा चुलीवर ठेवायची. भाकरी गरम मिळावी म्हणून केलेली ती त्या दोघांची आपसातली व्यवस्था होती.

एका शनिवारी शिट्टी आली नाही. दुसऱ्या दिवशी सायकल सापडली. घाटातल्या मोठ्या वळणावर, रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर उभी, हँडलला डब्याची पिशवी. तो मात्र नव्हता. लोकांनी दऱ्या धुंडाळल्या. कुणी म्हणालं वाघरानं नेला, कुणी म्हणालं बैराग्यांच्या मागं गेला, कुणाला तो भुसावळच्या गाडीत दिसला होता. रक्ताचा थेंब नाही, कापडाची चिंधी नाही. इतकी नीट उभी केलेली सायकल! मला आजही त्या स्टँडची भीती वाटते. पडलेली असती तर आम्ही रडून मोकळे झालो असतो.

सायकल मागच्या कोठीत ठेवली गेली. दर शनिवारी दिवेलागणीच्या आधी आई कोठीत जायची आणि दार आतून लोटून घ्यायची. मग पंपाचा आवाज यायचा, फस्, फस्, फस्. दाराआड कुणी मोठं माणूस दम खात बसलंय असं वाटायचं. आई बाहेर आली की पदराला तेल लागलेलं असायचं, आणि ती काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी थापायला बसायची. घराच्या पुढच्या दाराला ती रात्री कडीही लावू द्यायची नाही.

अशी बारा वर्षं गेली. मला घाटाखालच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. लढाईचे दिवस होते, नवी सायकल मिळायची नाही. वडील म्हणाले, कोठीतलीच दुरुस्त करून रंगवून घेऊ. यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पण त्याच महिन्यात भटजीबुवा घरी येऊन गेले होते. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याला इतकी पानं, हातांना इतकी, छातीला इतकी, अशी मोजून मांडतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्याचं श्राद्ध घालता येतं. वडील आईला समजावत होते, "त्याचा जीव अडकून पडला असन. त्याची वाट मोकळी करा लागते आपल्याले."

आई एवढंच म्हणाली, "जित्या पोराले मी जाळू देणार नाही."

सायकलीला मात्र ती हो म्हणाली, एका अटीवर. "रंग हिरवाच पाहिजे. नाही तं तो वळखन कसा?"

मिस्त्री आला त्या दिवशी आई देवळात गेली होती. त्यानं अंगणात पोतं अंथरून सायकल खोलली. भाग हरवू नयेत म्हणून ते जागच्या जागी मांडायची त्याची पद्धत: वर हँडल, त्याखाली सीट, दोन बाजूंना दोन पायडल, खाली चाकं. जुना रंग खरवडून निघेना. तेव्हा त्यानं पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ केला आणि नुसता सांगाडा त्यात धरला. हिरवा रंग फुगून काळा पडू लागला, धूर अंगणभर झाला. वडील जाळाशेजारी उभे होते. त्यांनी कचेरीतून येऊन नुकतीच आंघोळ केली होती, अंगावर ओलं धोतर होतं.

आणि तेवढ्यात तो सांगाडा वाजला. आधी बारीक, मग लांब. गल्लीच्या तोंडाशी घातलेली शिट्टी जशी यायची, अगदी तशी. मिस्त्री म्हणाला, "नळीत पाणी साचलं असन बाप्पा, वाफ हाय ते." खरंही असेल. कोरड्या कोठीत बारा वर्षं उभ्या सायकलीच्या नळीत पाणी कुठून आलं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आई दारात उभी होती. देवळातून परतताना शिट्टी ऐकून ती धावत आली होती, चेहरा उजळलेला, ओठांवर त्याला मारायची हाक. तिनं पाहिलं ते असं: पोत्यावर हातपाय मांडून ठेवलेला माणूस, पेटलेला जाळ आणि ओलेत्यानं उभा बाप.

"जाळलं तुमी त्याले?" ती म्हणाली. "मले देवळात धाडून जाळलं? आता तं आवाज देल्ला त्यानं!"

"माय, सायकल हाय हे," मिस्त्री कळवळून म्हणाला. "पहा ना, हे हँडल, हे चाक." पण आईनं जाळात हात घातले होते. तो तापलेला सांगाडा तिनं उघड्या हातांनी ओढून काढला आणि छातीशी धरला. तो थंड होईपर्यंत तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पळसाच्या पानांचं नाव वडिलांनी पुन्हा काढलं नाही, आणि आईच्या तळहातांना तेल ते स्वतः लावत राहिले.

मिस्त्रीनं पिवळ्यात निळा कालवून हिरवा रंग केला. सायकल नव्यासारखी झाली. मला तिच्यावर बसायचा धीर होत नव्हता. पहिल्या दिवशी आईच म्हणाली, "मले घेऊन चाल. वळणापर्यंत." बायामाणसांनी सायकलवर बसायचे ते दिवस नव्हते, पण ती पदर खोचून कॅरिअरवर बसली. हात चिंध्यांनी बांधलेले.

मोठ्या वळणावर ती उतरली. सकाळचं धुकं दरीतून वर येत होतं आणि समोरचं काही दिसत नव्हतं. त्या पांढऱ्या पोकळीकडे तोंड करून ती, शेजारच्या अंगणात बोलावं तितक्या साध्या आवाजात, बोलली, "सायकल तुह्या भावाले देल्ली रे मी. त्याले नोकरी लागली. तू आता पायी ये. दार उघडंच हाय."

उतारावरून दोन-तीन खडे घरंगळले, कुणीतरी पाय सावरल्यासारखे. आईनं मान हलवली, जणू ठरल्याप्रमाणे झालं, आणि मला म्हणाली, "जाय आता, शाळेले उशीर होते."

त्या सायकलीवर मी पुढं कितीतरी वर्षं घाट चढलो-उतरलो. मोठ्या वळणावर चढ सर्वांत कठीण, पण तिथंच ती हलकी व्हायची. मागून कुणी हात लावावा तशी. मी मागं वळून पाहिलं नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मागं कुणी नसेल याचीच भीती जास्त होती.

मग मोटारी वाढल्या, सायकल भंगारात गेली, आणि एका उन्हाळ्यात आई गेली. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी पुढचं दार लोटलं आणि कडीला हात घातला. आता कुणासाठी उघडं ठेवायचं? वडील भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. बारा वर्षं झाली, वाट मोकळी करा, म्हणणारे माझे वडील. मला वाटलं त्यांना झोप लागली आहे.

"राहू दे रे," ते तसेच पडून म्हणाले. "पायी येऊन राह्यला तो. पोचाले टाइम लागन."