परत आलेला डबा

आई राहते त्या वृद्धाश्रमात दर रविवारी मी तिच्यासाठी डबा नेते. आज साटोऱ्या नेल्या होत्या. घरी येऊन, तिथून परत आणलेला मागच्या रविवारचा डबा घासायला उघडला, तर आत कागदी रुमालात गुंडाळलेली दोन बिस्किटं. तिथल्या चहाबरोबरची, न खाता ठेवलेली.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिस्तच. शेजारच्या काकूंची वाटी परत करतानाही ती चिमूटभर साखर तरी घालायचीच.

घरी बाई ठेवावी की आईला तिथे न्यावं, यावर आम्ही भावंडं किती दिवस भांडलो. मग ती बाथरूममध्ये पडली. "तुम्हाला सोयीचं होईल ते करा," आई म्हणाली, आणि आम्हाला केवढं हायसं वाटलं! आता तिथे नर्स आहे, औषधं वेळेवर मिळतात. निर्णय चुकला असं कोणी म्हणणार नाही.

तरी बिस्किटं हातात धरून मी ओट्याशी उभीच राहिले. शाळेतून, ऑफिसातून आल्यावर मी तिने भरून दिलेले डबे रिकामेच सिंकमध्ये टाकत आले. ती कधी काही बोलली नाही. भरून परत करायचा असतो तो शेजाऱ्यांचा डबा, घरच्यांचा नाही.