वाशीमचं रबरी लेकरू

बाळंतिणीच्या खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं. म्हणून आम्हा दायांच्या पोटात गोष्टी साठत जातात आणि चौघी जमलो की भाजी निवडता निवडता बाहेर सांडतात. त्यातल्या निम्म्या गोदामायच्या. गोदामाय ही आमच्या जऊळक्याची जुनी दाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी तिच्या हाताखालची, नवी. सातवी शिकलेली म्हणून मला हे काम मिळालं.

वाशीमच्या दवाखान्यातल्या ट्रेनिंगचं निघालं की सगळ्या पोट धरून हसतात. मीही हसते. पण तो एक दिवस परत मिळाला, तर मी त्यातलं बरंच बदलीन.

*

पहिला किस्सा ट्रेनिंगच्या महिनाभर आधीचा.

दवाखान्यातून एक छापील पाटी आली होती. तिच्यावर पहिलाच नियम, "नखं कापा, मग लेकराला हात लावा." मी ती पाटी दाराशेजारी टांगली. माझा बाळू तेव्हा सात महिन्यांचा.

आमच्या घरामागे सखूचा भाजीचा मळा. तिचीही पोरगी अंगावर पिणारी. येता-जाता ती बाळूला उचलायची, "काय व वयनी, माह्या जावायाले दूध देत नाही का तू?" म्हणायची. त्या दिवशी मेथी उपटून आली आणि तशीच मातीच्या हातांनी तिनं त्याला घेतलं. आडावर पाणी भरायला आलेल्या चार बायका उभ्या होत्या.

मी म्हटलं, "सखू, आधी नखं काप, मग लेकराला हात लाव! पाटी वाचता येत नाही का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. सखूनं बाळूला अलगद खाली ठेवलं.

त्या दिवसापासून ती मला 'वयनी' म्हणेना. 'बाई' म्हणायला लागली!

*

मग ट्रेनिंगचं बोलावणं आलं. एकच दिवस. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. बाळू वाटीनं दूध घेत नव्हता. बोंडल्यानं पाजलं तर फुर्रकन उडवायचा. सासूबाई म्हणाल्या, "एका दिसानं काई होत नाही. जाय." मी त्यांना तीनदा सगळं सांगितलं, गाडीत बसल्यावर चौथ्यांदा आठवलं.

गोदामाय म्हणाली, "सूनबाई, गाडी पुढं चालली, अन् तू मांगं पाहून राह्यली!"

*

दवाखान्यात इंझोरीच्या, मेडशीच्या मिळून पंधरा-सोळा दाया. मधे टेबल. टेबलावर रबराचं विलायती लेकरू. गोरंपान, निळ्या डोळ्यांचं. त्याला आंघोळ कशी घालायची ते डॉक्टरीणबाई दाखवणार होत्या.

गोदामायनं त्याला उलटं-सुलटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डाक्टरीणबाई, निळ्या डोळ्याचं लेकरू जऊळक्यात निंगालं, त पयले माह्यावरच काठी येईन!"

हशा थांबेपर्यंत पाणी निवून गेलं.

*

आंघोळ झाली. बाईंची पाठ वळताच गोदामायनं कमरेच्या डबीतलं काजळ काढून त्या रबरी गालाला तीट लावली. डॉक्टरीणबाई संतापल्या. "हा अडाणीपणा आहे!" म्हणत त्यांनी ओल्या फडक्यानं ती खसाखसा पुसली. पुसता पुसता ते साबणानं बुळबुळीत झालेलं लेकरू हातातून सटकलं आणि थेट बादलीत डोक्यावर पडलं!

गोदामाय शांतपणे म्हणाली, "तीट पुसली ना!"

*

नंतर हात तपासले. माझी नखं पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पाहा शिकलेल्या बाईचे हात!" आणि माझे दोन्ही हात वर धरून सगळ्यांना दाखवले. मी किती फुगले म्हणून सांगू!

गोदामायला मात्र कात्री दिली. ती नखं कापता कापता पुटपुटली, "या हातानं गावभरचे लेकरं आले. एकानंबी तक्रार केली नाही."

*

दुपारी पाजण्यावर शिकवणं होतं. "लेकरू रडलं की लावलं अंगाला, असं करायचं नाही. घड्याळ पाहून तीन-तीन तासांनी पाजायचं." मी सगळं वहीत उतरवत होते. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. बाळूला पाजून सात तास होऊन गेले होते.

तेवढ्यात बाहेरच्या वॉर्डात कुणाचंतरी तान्हं रडलं. माझी चोळी समोरून भिजली. मी पदर ओढला, वही छातीशी धरली, पण गोदामायच्या नजरेतून काय सुटतं!

"डाक्टरीणबाई," ती मोठ्यांदा म्हणाली, "हिचं घड्याळ वाजलं!"

सगळ्या हसल्या. मी त्या वेळी हसले नाही. वहीची दोन पानं ओली झाली होती.

*

आता ज्यानं घात केला ते ऐका.

निघताना डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही शिकलेल्या ना? सगळ्यांची नावं लिहा, नवऱ्याच्या नावासकट. अपुरं ठेवायचं नाही." आणि त्या चहाला गेल्या.

नवऱ्याचं नाव! कोण घेतं तोंडानं?

इंझोरीची बाई म्हणे, "सकाळी उगवते ते." सूर्यभान लिहिलं. दुसरी म्हणे, "पाच भावाइतला दांडगा." भीमराव. तिसरी नुसती माझ्या कानातल्या बाळीकडे बोट दाखवून लाजत राहिली. बाळाजी? नाही. बाळकृष्ण? नाही. शेवटी कळलं, सोनाजी!

गोदामाय दारातून ओरडली, "सूनबाई, गाडी!"

"चारच राहिल्यात."

"लिहून टाक काईबी! कोन पायते?"

"खोटं कसं लिहू?"

"तू लेकराची माय हाय, का या रजिस्टरची?"

मी मान वर केली नाही. अक्षर चांगलं येत होतं ना माझं! गोदामाय एकटीच निघून गेली. शेवटी माझ्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव उरलं. ते तोंडानं न घेता नीट वळण देऊन लिहिलं, टाक पुसला, आणि स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली.

त्या रजिस्टराचं पान पुढे कुणी उलटलं असेल, असं मला वाटत नाही. सूर्यभान, भीमराव, सोनाजी, तिघांतला एकही चुकला नाही. चुकली ती फक्त गाडी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जऊळक्याला उतरले ती पळतच सुटले. वाटेत गोदामाय भेटली. मी विचारलं, "माझ्या घरी सांगितलं ना?" ती म्हणाली, "तुह्या घरी सांगून काय फायदा? तुह्या सासूले का पान्हा फुटते? जिथं सांगा लागते तिथं सांगतलं."

मला काही उमगेना. घरात शिरले तर बाळू झोळीत गाढ झोपलेला. गाल तट्ट फुगलेले, ओठांच्या कडेला दूध वाळलेलं.

"याला काय पाजलं?" मी सासूबाईंना विचारलं. "वाटीनं घेतलं?"

त्यांनी मागच्या दाराकडे नुसती हनुवटी केली.

कुंपणापलीकडे सखू उभी होती. कडेवर तिची पोरगी, हातात मेथीची जुडी. मला पाहताच तिनं जुडी खाली ठेवली, पोरगीला मातीत बसवलं, आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले.

"नखं कापूनच घेतलं बरं त्याले, बाई."