दस्तगीरचाचांची तारवाली

दस्तगीरचाचा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते डोक्याच्या वर बघत. बेंबळीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते मला रस्त्यात भेटले. शाळेच्या मीटरपाशी वायर उघडी पडली आहे, पोरांचा हात लागेल, हेडमास्तरांच्या कानावर घाला, असं बराच वेळ समजावून सांगत राहिले. तेवढ्या वेळात मी दोनदा केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, पाल पडली आहे. शेवटी न राहवून विचारलं तर म्हणाले, "तुमच्या डोस्क्यात काय न्हाय बाई. मागं पोलवर बगतोय." मास्तरकीच्या नोकरीत मी बरंच ऐकून घेतलं आहे, पण माझ्या डोक्यात काही नाही हे इतक्या आदबीनं मला कुणी सांगितलं नव्हतं.

चाचा निवृत्त वायरमन. उभी नोकरी बेंबळीच्या आसपासच्या लायनींवर गेली. खांबांवरचे आकडे त्यांनीच लाल रंगानं काढलेले, त्यामुळे गावाचा नकाशा त्यांच्या डोक्यात त्या आकड्यांनीच मांडलेला होता. अमक्याचं लग्न म्हणजे सतराच्या पोलपाशी मांडव, तमक्याची म्हैस व्याली ती बावीसच्या पोलखाली. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटला नव्हता आणि खिशातला टेस्टरही. रोज सकाळी जुन्या मोपेडवरून सबस्टेशनच्या दिशेनं जायचे आणि तासाभरानं परत यायचे. लायनीचं काम तर कधीच संपलेलं, मग हे काय बघायला जातात, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावानं आपापल्या परीनं तर्क केले होते आणि सगळे चुकीचे होते.

मला ते कळलं एका नोंदवहीमुळे. ग्रामपंचायतीला गावातली झाडं, पिकं, प्राणी, पक्षी यांची एक सरकारी नोंदवही करायची होती. असं कुठलंही काम निघालं की ते शाळेत येतं आणि शाळेत आलं की माझ्याकडे येतं. झाडं झाली, पिकं झाली. पक्ष्यांशी अडले. मला चिमणी, कावळा आणि मोर एवढे ओळखू येतात, तेही मोर पिसारा फुलवून उभा असेल तर. वर्गात विचारलं की शिकारी पक्षी कोणते, तर पोरांनी एका सुरात घार म्हटलं. पांढरी कोणती? घार. छोटी कोणती? घारीचं पिल्लू. मी तसंच लिहून टाकणार होते, पण हेडमास्तर म्हणाले, दस्तगीरला विचारा, तो सारखा वरच बघत असतो.

चाचांनी घारीवर काट मारायला लावली. म्हणाले, घार येगळी. ही आमची तारवाली. मग त्यांनी तिचं जे वर्णन केलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. पोट पांढरं, पाठ राखाडी, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लाल आणि डोळ्यांत काजळ. तारेवर बसते, शेपटी वर-खाली हलवते आणि शेतावर गेली की एका जागी हवेत पंख मारत उभी राहते. खाली उंदीर दिसला की पाय खाली सोडून अलगद उतरते. मी मोबाईलवर शोधलं तेव्हा पुस्तकी नाव सापडलं: कापशी. नोंदवहीत स्थानिक नाव 'तारवाली' आणि मराठी नाव 'कापशी' असं लिहिलं आणि खूश झाले. पुढचा रकाना आढळ आणि स्थितीचा होता. तोही मोबाईलवर तयारच होता. मी चाचांना मोठ्यानं वाचून दाखवलं. अतिशय विस्तृत प्रदेशात आढळणारा पक्षी. संवर्धन स्थिती: चिंता नाही.

चाचांनी माझ्या डोक्यावरच्या हवेला विचारलं, "कुणाला न्हाय?"

मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, "चिंता. कुणाला न्हाय?"

मी म्हटलं, जगाला नाही. आफ्रिकेत आहे, आपल्याकडे सगळीकडे आहे, पार तिकडे चीनपर्यंत आहे. स्पेनमध्येसुद्धा आहे. हे सांगताना मला उगाचच थोडा अभिमान वाटत होता. चाचांना वाटत नव्हता. "तिकडं आसंल की," ते म्हणाले. "म्या बेंबळीचं इच्यारतोय." बेंबळीचं मोबाईलमध्ये काही नव्हतं. आणि ते मला का विचारत आहेत, हेही मला कळत नव्हतं.

ते त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. स्वतःहून शाळेत आले, मधल्या सुट्टीत, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. पाऊस लागायच्या आधी लायनीखालच्या फांद्या तोडायच्या असतात. तशीच एका वर्षी त्रेचाळीसच्या पोलजवळची बाभळ तोडायची होती. शटडाऊन थोड्या वेळाचा मिळालेला, सगळी घाई. शेंड्यात काटक्यांचं काहीतरी दिसलं, ते कावळ्याचं असेल म्हणून त्यांनी कोयता चालवला. खाली पडलं तेव्हा त्यात दोन पिल्लं होती, कापसाच्या बोळ्यासारखी. चाचांनी ती आपल्या हेल्मेटात ठेवली, खिम्याचे बारीक तुकडे भरवून बघितले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेली. "आई तारंवर बसून व्हती," ते म्हणाले. "दोन दिस. म्या खालून जायचो आन् ती वरून बगायची." तेव्हापासून चाचांची मान वर गेली ती गेलीच.

त्यानंतर त्रेचाळीसच्या पोलवर तारवाली दिसेनाशी झाली, आणि चाचा मोजायला लागले. वही केली. रोज सकाळी लायनीनं जायचं, कुठल्या पोलवर दिसली तो आकडा लिहायचा. त्यांना जगाचं काही पडलेलं नव्हतं. आपल्या कोयत्यानं बेंबळीतली तारवाली संपली की आहे, एवढंच त्यांना मरायच्या आत कळून घ्यायचं होतं. आणि ही सगळी हकिकत नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात, नाव घालून लिहायची, असं त्यांचं म्हणणं. सरकारी कागदावर आलं म्हणजे खरं झालं, असा त्यांचा विश्वास होता. मी जरा सावरून लिहिलं: 'पोल क्र. ४३ जवळील घरटे फांद्या तोडताना पडले.' चाचांनी ओळीखाली बोट ठेवलं. "पडलं न्हाय बाई. पाडलं." मी खोडून 'पाडले' लिहिलं, पुढे त्यांचं नाव लिहिलं. मला ते बरं वाटलं नाही, पण त्यांना वाटलं.

आता स्थिती काय लिहायची? फॉर्ममध्ये विपुल, तुरळक, दुर्मिळ असे तीन शब्द होते. चाचांच्या वहीवरून काही ठरेना. एका हिवाळ्यात रोज चार-पाच पोलांचे आकडे, पुढचं अख्खं वर्ष कोरं, मग पुन्हा आकडे. एका शेतकऱ्यानं सांगितलं, उंदीर वाढले की हे पाखरू येतं आणि घटले की जातं. दुसऱ्यानं सांगितलं, उंदरांच्या औषधानं मरतंय. तिसरा म्हणाला, रस्त्याच्या बाभळी गेल्या, आता बसणार कुठं? तिघंही खात्रीनं बोलत होते. मी तिघांचंही ऐकून मान डोलावली आणि रकाना कोरा ठेवला.

मग एका रविवारी सकाळी चाचांनी मला सोबत नेलं. ते मोपेडवर पुढे, मी माझ्या स्कूटीवर मागे. एकतिसाच्या पोलवर खरंच ती बसली होती. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, आमच्याकडे तुच्छतेनं बघणारी. आम्ही जवळ गेलो तशी उडाली. चाचांनी वहीत एकतीस लिहिलं. पुढे चौतिसावर एक. जवळ गेलो, उडाली. सदतिसावर एक. मी आनंदानं म्हटलं, तीन झाल्या की, तुरळक लिहायला हरकत नाही. मग एकेचाळिसावर चौथी दिसली, आणि मला एकदम शंका आली. मी विचारलं, चाचा, ही तीच तर नसेल? आपण जवळ गेलो की पुढच्या पोलवर जाऊन बसते, असं तर नसेल?

चाचांनी मोपेड बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "म्हंजी म्या एकच पाखरू धा वेळा मोजलं का काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि तो गोंधळ मी घातला होता. मी घाईघाईनं म्हटलं, तसं नसेलही, मला त्यातलं काय कळतं. खरंच कळत नव्हतं. आम्ही तिथं रस्त्यात उभे राहिलो आणि ती चौथी किंवा पहिली आमच्याकडे बघत शेपटी हलवत बसली. मला माझ्या शंकेचा फार राग आला. मी ती मनातच ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

नोंदवहीत मी शेवटी 'तुरळक' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही पाठवून दिली. टायपिंगचं काम धाराशिवातल्या एका दुकानाला दिलं होतं. काही महिन्यांनी छापील प्रत आली तेव्हा चाचा ती बघायला ग्रामपंचायतीत आले. पक्ष्यांच्या पानावर तारवाली नव्हती. मी पुढची-मागची पानं चाळली. ती पिकांत सापडली. टायपिंग करणाऱ्यानं 'कापशी' ही माझी चूक समजून दुरुस्त केली होती. 'कपाशी. आढळ: सर्वत्र. स्थिती: विपुल.' आमच्याकडे शिवारभर सोयाबीन. कपाशी शोधायची म्हटलं तरी फिरावं लागतं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. मी दुकानात फोन केला तर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, कपाशीला घरटं कुठून येणार? म्हणून ते काढलं." त्याचंही बरोबरच होतं.

चाचांनी कपाशीच्या ओळीवरून बोट फिरवलं. "कपाशी बी लई व्हती म्हना पैले," एवढंच बोलले आणि निघाले. ते चिडले होते की हसत होते, मला कळलं नाही, कारण बघत होते छताकडे. मी त्यांना दुरुस्तीचा शब्द दिला. आणि मग परीक्षा आल्या, सर्वेक्षणं आली, दुरुस्तीच्या अर्जावर ग्रामपंचायतीची एक सही राहिली. खरं सांगायचं तर मी टंगळमंगळ केली. दरम्यान चाचांच्या छातीत दुखायला लागलं, मोपेड सुटली. भेटायला गेले की ते दुरुस्तीचं विचारायचे नाहीत आणि मीही सांगायचे नाही. थंडीत, शाळू पोटऱ्यात आला त्या दिवसांत चाचा गेले. घरीच, दुपारी, चहा मागितला होता म्हणे.

चाळिसाव्या दिवसाला मी गेले तेव्हा चाचींनी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "जायच्या आधी चार दिस लई खूश व्हते. बाईला दावा म्हनले. मला वाचता येत न्हाय, तुमीच बगा." मला वाटलं, मोपेड सुटल्यावर पुढची पानं कोरी असतील. तशीच होती, पण शेवटच्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात चार ओळी होत्या. चाचा कुणाला न सांगता चालत गेले होते.

'आज पायी गेलो. ४७ ला तारवाली. दम लागला, थांबलो. मागं वळून बघितलं. ४३ वर बी हाय. दोनी एकदम दिसल्या. म्हंजी दोन.'

मोपेडवर असताना त्यांनी कधी मागे बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं. मी तिथंच, चाचींसमोर रडले, आणि त्यांनी काय लिहिलंय विचारल्यावर मला एवढंच सांगता आलं की दोन आहेत. चाचींनी मान हलवली. त्यांना काय कळलं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी सही मिळवली आणि दुरुस्ती पाठवली. कापशी, काना पहिल्या अक्षराला, हे लाल शाईत. शेऱ्यात 'पाडले', नावासकट. स्थितीच्या रकान्यात मी 'दोन' लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना ऑपरेटरचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, स्थितीत 'दोन' चालत नाही. मी नेटवर बघितलं, हा पक्षी सगळीकडे आहे. तिथं सरळ 'चिंता नाही' दिलंय. तेच टाकू का?"

मी खिडकीबाहेर बघत होते, पोरांच्या डोक्यांच्या वरून, पोलकडे.

"कुणाला नाही?" मी विचारलं.