लोखंडाची बकरी

हसा, पोटभर हसा. पण सांगून झाल्यावर कोणी मले उपदेश करू नका, एवढीच अट. कारण काय सांगू बाप्पा, उभ्या जन्मात मी एकदाच एका कलावंताची पाठराखण केली. अन् ती अशी केली का एखादा दुश्मनही कलावंताचं एवढं वाटोळं करणार नाही!

भिलाईचा पोलादाचा प्लांट तवा नवा नवा होता. एक भट्टी पेटलेली, दुसरीचं बांधकाम चालू. मी भंडाऱ्याकडचा गडी, भंगाराच्या यार्डात क्रेन चालवत होतो. क्रेनले हा एवढा मोठा लोहचुंबक. त्याने वॅगनमधलं भंगार उचलायचं, लोखंडी पेट्यांत टाकायचं, अन् पेट्या गेल्या भट्टीत. वरून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसत. तेवढाच काय तो माहा मोठेपणा!

आमच्या बाजूच्या क्वार्टरात सुलोचना मेश्राम आपल्या आईसंग राहे. नागपुरात कला शिकून आलेली पोरगी, इथे शाळेत चित्रकला शिकवे. शाळा सुटली का दुर्गच्या बाजारातून आणलेलं जुनंपानं लोखंड अंगणात मांडून बसे. हे इथे लाव, ते तिथे लाव, अन् मनासारखं जमलं का वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणे.

तशी तिने एक बकरी केली. फुटक्या घमेल्याचं पोट, बोल्टांचे पाय, आकड्यांची शिंगं, सायकलच्या चेनची दाढी. क्वार्टरांची सारी लाईन हसे. एकीने तं विचारलं, "बाई, कोंबड्या कोंडायचं खुराडं का हे?"

सुलोचनाची आई कपाळाले हात लावे. "लोकं इले पाहाले येतात, अन् अंगणात हे पाहून चहा न पिताच पळतात!"

पण मी सांगतो तुमाले, त्या बकरीची मान मागे वळवलेली होती. पिल्लू मागे राहिलं का, म्हणून पाहून राहिली, अशी. माह्या मायच्या बकऱ्या मी लहानपणी चारल्या आहेत. ती नजर मले माहीत आहे. मी रोज ड्युटीवरून येताना सायकल थांबवून उभा राहो.

एक दिवस सुलोचना म्हणे, "भाऊ, पोटभर पाहून घ्या. उद्या कबाडीले देऊन राहिली."

"कावून?"

"कोणी घेत नाही. अन् आई म्हणते, आता हे सोड."

"मी घेतो!"

ती माह्याकडे पाहतच राहिली. "दया म्हणून घेत असाल तं देणार नाही हं, भाऊ."

"दया कशाची? नाव झाल्यावर सारेच घेतात. तवा घेण्यात काय मोठेपणा? आज घेतो तो खरा!"

वाक्य बरं जमलं होतं ना? मलेही तसंच वाटलं. घरी शांताले तेच वाक्य ऐकवलं. शांता म्हणजे माही बायको. तिने कमरेवर हात ठेवले.

"काय आणलं?"

"बकरी."

"दूध देते?"

"नाही."

"कापता येते?"

"नाही."

"मंग?"

"पाह्यची."

शांताने बकरीकडे पाह्यलं नाही, माह्याकडे पाह्यलं. आठवडाभर तशीच पाहे.

तिकडे सुलोचना मात्र अशी फुलली का विचारू नका! पहिली वस्तू विकल्या गेली होती तिची. आईचं तोंड बंद झालं. पोरगी नवीन बैल कराले बसली. हे पाहून माह्या डोक्यात हवा गेली. म्हटलं, एकट्याने घेऊन काय होते? इले मोठं गिऱ्हाईक पाहिजे!

प्लांट उभाराले रशियातून आलेले एक रूसी साहेब आमच्या यार्डात येत. गावोगावचे मातीचे घोडे, लाकडाचे मोर विकत घेऊन जमवायचा भारी नाद त्यांना. झालं! दुसऱ्या दिवशी बकरी चादरीत गुंडाळली, सायकलच्या कॅरियरवर बांधली, अन् निघालो फर्स्ट शिफ्टले.

गेटवर ही गर्दी! हवालदाराने चादरीकडे बोट केलं. "ये क्या है?"

"बकरी."

"जा, जा, मजाक मत कर!"

अन् मी आत! कागद नाही, पत्तर नाही. इथेच माहा गाढवपणा झाला, पण तवा मी खुशीत होतो.

रूसी साहेबाने बकरीभोवती चक्कर मारली. मान पाह्यली, दाढी पाह्यली. आपली टोपी काढून तिच्या शिंगांवर ठेवली अन् लहान लेकरासारखा हसला. दुभाष्या म्हणे, "साहेब विचारतात, ज्याने केली त्याले भेटता येईल का? परवा बकरी घेऊन दोघंही या. साहेबाले अशाच आणखी पाहिजेत."

माहे पाय जमिनीवर राहतील का? दोन वाजता शिफ्ट सुटली, बकरी कॅरियरवर, मी शीळ वाजवत गेटवर. तोच हवालदार.

"ये क्या है?"

"सांगितलं ना सकाळी. बकरी."

त्याने चादर ओढली. "ये तो लोहा है!"

"लोखंडाचीच बकरी आहे ना, साहेब."

"लोहा बाहर नहीं जाएगा. पास दिखा."

"अहो, बाहेरूनच आणली!"

"अंदर लाते टाइम लिखवाया था?"

आता बोला! मी म्हटलं, याले कला समजावून सांगावी. "साहेब, हे पाहा. हे घमेल्याचं पोट."

"घमेला किसका? कंस्ट्रक्शन का?"

"हे बोल्टांचे पाय."

"कौन सी मशीन के बोल्ट?"

"अन् ही आकड्यांची शिंगं..."

"आकडा! अच्छा, क्रेन से निकाला! तू क्रेन ही चलाता है ना?"

पाहा बरं! जितकं समजावून सांगो, तितका चोरीचा कबुलीजबाब होऊन राहिला. नोकरी गेली तं शांताले काय सांगू? बकरीपायी गेली म्हणून?

मागे रांगेत उभा असलेला एक गडी कानात पुटपुटला, "अबे, भंगार आहे म्हून सांग अन् सुट ना! भंगाराची केस होत नाही."

अन् मी, कलेचा पाठीराखा, छाती काढून ओरडलो, "साहेब, कला-बिला काही नाही! हे भंगार आहे, भंगार!"

हवालदार एकदम मऊ पडला. "तो पहले बोलना था ना! रख दे उधर कोने में."

बकरी कोपऱ्यात ठेवली. म्हटलं, आज जीव वाचला, उद्या पास काढून नेऊ. घरी जायच्या आधी सुलोचनाले बातमी दिली, रूसी साहेबाले बकरी भल्ली आवडली! तिच्या आईने साऱ्या लाईनीत साखर वाटली. बकरी कुठे आहे विचारलं, तं मी म्हटलं, "पहाऱ्यात आहे!"

दुसऱ्या दिवशी कामात ध्यान कुठलं? दिवसभर वर बसून सुलोचनाच्याच विचारात. पोरीचं नाव होईल, पेपरात फोटो येईल, खाली लिहिलेलं राहील, पहिली कलाकृती यांनी घेतली! लोहचुंबक खाली, भंगार वर, पेटी भरली, पुढची आण. एवढं झपाट्याने काम मी जन्मात केलं नसेल. शिफ्ट सुटली, पास घेऊन गेटवर गेलो. कोपरा रिकामा!

"साहेब, माही बकरी?"

"वो स्क्रॅप? सुबह पहली वॅगन में भेज दिया, यार्ड में."

"कोणत्या यार्डात?"

"तेरे ही यार्ड में! और कौन सा यार्ड है?"

पहिली वॅगन. सकाळी सगळ्यात आधी मी तीच रिकामी केली होती.

कसा घरी आलो, ठाऊक नाही. सुलोचनाच्या दारात उभा राहून एवढंच म्हटलं, "बाई, बकरी भट्टीत गेली."

ती अर्ध्या बैलाजवळून उठून दारात आली. मंग म्हणे, "रूसी साहेबाले खरंच आवडली होती ना, भाऊ?"

"खरंच."

"उद्या त्यांना काय दाखवू? बैलाचे तं अजून दोनच पाय झाले."

माह्या डोळ्यांले धारा लागल्या. तिची आई माह्यावर माया करत म्हणे, "तुमी कावून रडता, भाऊ? तुमी तं देवमाणूस! ज्या मेल्याने ती भट्टीत घातली ना, त्याचे दोन्ही हात झडोत!"

मी हळूच दोन्ही हात पँटच्या खिशात घातले अन् म्हटलं, "झडोत, मावशी."

तवा मावशीने चहाचा कप माह्यासमोर धरला. "घ्या, भाऊ. हात काढा की बाहेर!"