काचेवरून दिलेला शेरा

लीलाताई खानझोडे लखनौला आमच्या वृंदावन योजनेतल्या सेक्टरमध्ये राहायला आल्या तेव्हा नवराबायको दोघंही नोकरीत होती. विश्वासराव रेल्वेत इंजिनियर, आणि लीलाताई इथल्या एका संशोधन संस्थेच्या यंत्रशाळेत. सूक्ष्मदर्शकं, रसायनांचे तराजू, असली नाजूक उपकरणं दुरुस्त करायची, तपासायची आणि प्रयोगशाळेत परत पाठवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. माणसं मूळची वर्ध्याची. निवृत्तीनंतर गावी परत का गेला नाहीत, असं कुणी विचारलं तर विश्वासराव म्हणतात, "तिकडे आता ओळखतं कोण? इथे निदान सब्जीवाला नावाने हाक मारतो."

ताईंना चावीच्या जुन्या मनगटी घड्याळांचा नाद. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग घड्याळांचा. उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून त्यावर वाटी उपडी घालायची, आणि पाहुण्यांनी ती वाटी उचलायची नाही, हा त्या घरचा पहिला नियम. "आमच्याकडे जेवायला याल तर वाटी आपली आपण आणा," असं विश्वासरावांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

या नादाची एक वेगळी वस्ती होती, कॉम्प्युटरवर. 'चाबीघर' नावाची साइट, देशभरातले तीसएक सभासद. कुणी बँकेतला, कुणी शिक्षक, एक पोस्टमास्तर. ताई तिथे 'एल. के.' या नावाने लिहायच्या आणि सगळे त्यांना सर म्हणायचे. सहा वर्षं त्यांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. मग एकदा लखनौत भेट ठरली, ताई दारातून आत गेल्या, आणि एक गृहस्थ अदबीने उठून त्यांच्या मागे बघत राहिले. सर कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, सर आलेत, बसा.

त्या वस्तीच्या काही रीती होत्या. घड्याळ दाखवायचं तर मागचं झाकण उघडून दाखवायचं. काटे, काच, चावी, यातलं काय मूळचं आणि काय नंतर बसवलेलं, ते आधी लिहायचं. त्याला 'खुलासा' म्हणत. खुलाशाशिवाय टाकलेल्या फोटोवर कुणी चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. आपण चुकीचं मत दिलं असेल तर जिथे दिलं तिथेच खाली लिहायचं. तबकडी मूळची की पुन्हा रंगवलेली, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. त्यासाठी ताई काच काढून घेतलेला फोटो मागायच्या. त्यातूनही शंका राहिली तर घड्याळच मागवून घ्यायच्या, आठवडाभर ठेवायच्या आणि मग चार ओळींचं उत्तर द्यायच्या. तोवर समोरचा थांबायचा. थांबण्याचं कुणाला काही वाटत नसे.

पुढे ती साइट बंद पडली आणि मंडळी फोनवरच्या ग्रुपमध्ये आली. तिसाचे तीनशे झाले, आणि गेल्या काही वर्षांत नऊ हजार. ग्रुप आता चालवतो सत्यजित, आमच्या महाराष्ट्र समाजातल्या चित्राचा मुलगा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. हुशार मुलगा आहे आणि कष्टाळूही. त्याच्यामुळे कितीतरी लहान गावांतल्या पोरापोरींना हा छंद लागला, भंगारात जाणारी घड्याळं मनगटावर आली. हे ताईही मान्य करतात. पण बोलणं बदललं. पूर्वी आत काय आहे यावर चर्चा चालायची. आता मनगट गाडीच्या स्टिअरिंगवर ठेवून काढलेला फोटो, खाली आगीची चित्रं, आणि दर गुरुवारी विक्री. लांब खुलासा लिहिला तर लोक विचारतात, भाई, असली है कि नहीं, बस इतना बता दो.

म्हणून सत्यजितने खुणा काढल्या. हिरवी म्हणजे मूळची, लाल म्हणजे नाही. खूण देणार लीलामावशी, फोटो बघून, त्याच दिवशी. ताई आधी नाही म्हणाल्या. दोन महिने नाही म्हणत राहिल्या. मग हो म्हणाल्या. का, ते त्यांनी मला नंतर स्वतःहून सांगितलं. निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारत नव्हतं, आणि इथे आठवड्याला आठ-दहा माणसं विचारत होती. बरं वाटायचं. वर्षभरात त्यांनी दोनशे बारा हिरव्या खुणा दिल्या. लाल त्याहून कमी.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायला गेले होते. ताईंचे हात हळद-तेलाचे. फोन सारखा वाजत होता, सत्यजितचा निरोप होता की चार जण थांबलेत. एका मुलीने, हिमानी तिचं नाव, आजोबांचं घड्याळ टाकलं होतं. सहाच्या आकड्याजवळ मिनिटांच्या रेघा जराशा वाकड्या दिसत होत्या. ताईंनी करंगळीने फोटो मोठा केला, बघितलं, आणि लाल खूण दिली. खाली दोनच शब्द, डायल रंगवलेली. मग आम्ही मोहरीची डाळ फेटायला घेतली.

त्या दोन शब्दांवर लोक तुटून पडले. हसरे चेहरे, टोमणे, दादाजी को भी ठग लिया. फोटोत घड्याळाखाली एक हिरव्या रेक्झिनचं काउंटर दिसत होतं. कुणीतरी ते ओळखलं. आलमबागच्या बाजारातलं, मेट्रोच्या जिन्याजवळचं दुकान. हिमानी त्या दुकानातल्या घडीसाजाची, घड्याळजीची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नावासकट निरोप फिरू लागला की तिथे नकली डायल बसवतात, सांभाळून राहा. मुलगी ग्रुपमधून निघून गेली. ताईंनी यातलं फार काही वाचलं नव्हतं. दिवसाला शेकडो निरोप येतात, कोण वाचणार.

आठ-दहा दिवसांनी भर दुपारी त्यांच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, कपाळावर घाम. नाव राघव, आलमबागला घड्याळांचं दुकान आहे, असं त्यांनी सांगितलं. मी तिथेच होते, लोणच्याची बरणी न्यायला आलेली. त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण पेला प्यायले आणि खिशातून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं. वाद घातला नाही, आवाजही चढवला नाही. स्वतःचं हत्यार काढून झाकण उघडलं, आतलं यंत्र तबकडीसकट बाहेर घेतलं, काच वेगळी केली आणि सगळं ताईंपुढे सरकवलं.

"अब देखिए," ते म्हणाले.

ताईंनी भिंग डोळ्याला लावलं. खिडकीशी गेल्या, परत आल्या. सहाच्या आकड्याजवळच्या रेघा सरळ होत्या, सुईने ओढल्यासारख्या. मग त्यांनी सुटी काच तबकडीवर धरली. जुनी प्लास्टिकची काच उन्हाने खालच्या बाजूला फुगली होती. ती वर धरली की रेघा वाकायच्या, बाजूला केली की सरळ. तबकडीला कारखान्यानंतर कुणाचा हात लागलेला नव्हता.

ताईंनी भिंग खाली ठेवलं. राघव म्हणाले, "बहनजी, शीशा तो उतरवा लेतीं."

मग त्यांनी सांगितलं ते असं की घड्याळ विकायचं नव्हतंच, लेकीने हौसेनं टाकलं होतं. पण आता गिऱ्हाईक दुरुस्तीला घड्याळ देताना विचारतं, आतलं काही बदलणार तर नाही ना. वडिलांपासूनचं दुकान आहे, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. काही जण घड्याळ काउंटरवरून उचलून परतही घेऊन गेले. हिमानी दुकानात बसायची, ती यायची बंद झाली.

"गलती मेरी है," ताई म्हणाल्या. "जहाँ लिखा था, वहीं लिखूँगी."

संध्याकाळी सत्यजित आला, ताईंनीच बोलावलं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला की ती पोस्ट काढून टाकू, हिमानीला परत घेऊ, बात ख़त्म. ताई म्हणाल्या की एवढ्यावर भागणार नाही. लाल खूण काचेवरून दिली तशाच सगळ्या हिरव्याही दिल्या आहेत. लाल तर मागे घ्यायच्याच, पण ज्यांच्यावर लोकांनी पैसे मोजले त्या दोनशे बाराही.

सत्यजितने डोकं धरलं. "मावशी, लोगों ने आपके भरोसे पर ख़रीदा है. सब आपस में लड़ेंगे. और आपको कौन पूछेगा फिर?"

"नाही विचारणार," ताई म्हणाल्या. "पण त्या दुकानाचं नाव निघालं ते माझ्या शेऱ्यामुळे. तू पोस्ट काढलीस म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यातून निघेल का ते?"

"वो एक ग़लत था. बाक़ी तो सही होंगे ना."

सोफ्यावरून विश्वासराव म्हणाले, "अरे बाबा, हिच्या नादी लागू नकोस. पास केलेला एक तराजू चुकीचा निघाला तर त्या पद्धतीनं तपासलेले सगळे परत मागवायची ही. शास्त्रज्ञ दारात भांडायला यायचे आणि आम्हाला जेवण मिळायचं नाही."

सत्यजित हसला नाही.  जाताना मात्र म्हणाला की खुणांची यादी आणि नंबर पाठवतो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी जुन्या रीतीने लिहिलं. घड्याळ कुठलं, काय चूक झाली, काच का काढून बघायला हवी होती, दुकानदाराचा काही दोष नाही, आणि आजवरच्या सगळ्या लाल-हिरव्या खुणा मी मागे घेत आहे, ज्याला हवं त्याने घड्याळ पाठवावं. सकाळी बसल्या ते चार वाजेपर्यंत लिहीत होत्या. शिव्या पडतील अशी त्यांची तयारी होती. शिव्या पडल्याच नाहीत. पाच-सात जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकाने 'रिस्पेक्ट मैम' लिहिलं, आणि तासाभरात गुरुवारची विक्री सुरू झाली. पोस्ट वर कुठेतरी निघून गेली. नऊ हजारांतल्या किती जणांनी ती वाचली, देव जाणे. याची मात्र ताईंनी तयारी केली नव्हती. मला म्हणाल्या, "तेव्हा तीस होते, सगळे भांडले असते गं."

मग त्यांनी एकेकाला लिहायला घेतलं. आधी ज्यांनी दुकानाचं नाव फिरवलं होतं ते अकरा जण. त्यातल्या नऊ जणांनी आपले शब्द मागे घेतले, दोघांनी ताईंनाच ब्लॉक केलं. ताई ई-रिक्शा करून आलमबागला गेल्या, राघवना ते नऊ निरोप दाखवले आणि दोघांचंही सांगितलं. हिमानी काउंटरमागे होती. नमस्ते केलं आणि मान खाली घालून हातातलं काम करत राहिली. ग्रुपमध्ये परत येणार का, असं ताईंनी विचारलं. ती म्हणाली, "नहीं आंटी, दुकान ही ठीक है."

नंतर ते दोनशे बारा. रोज सकाळी दहा. कुणी चिडलं, कुणी विचारलं की आता घेणाऱ्याला काय सांगू. जून-जुलैभर पार्सलं येत होती. एकसष्ट घड्याळं आली. शेजारून माझ्याही वाट्या गेल्या. आम्ही दोन्ही घरं मलिहाबादचे दशहरी आंबे ताटलीतच कापून खात होतो. एकसष्टांतल्या सात तबकड्या रंगवलेल्या निघाल्या. त्या सात जणांना ताईंनी फोन करून सांगितलं, प्रत्येकाचं बोलणं ऐकून घेतलं.

सगळ्यांत लांबलं ते एक घड्याळ. मूळ मालकाने विकलेलं, पुढच्याने दुसऱ्याला दिलेलं, त्याने तिसऱ्याला. ताई एकाकडून दुसऱ्याचा नंबर घेत सप्टेंबरमध्ये सीतापूरच्या एका वृद्ध गृहस्थांपर्यंत पोचल्या. जावयाने त्यांना वाढदिवसाला दिलं होतं. ताईंनी हिंदीत, सावकाश सगळं समजावलं की मी ते नीट न बघता मूळचं आहे असं सांगितलं होतं, असेल किंवा नसेल, पाठवा, मी उघडून बघते आणि परत करते.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बिटिया, समय तो ठीक बता रही है. रोज़ सुबह चाबी देता हूँ. इसे मत खुलवाइए."

"मग राहू द्या," असं ताईंच्या तोंडून मराठीतच निघालं. मग हिंदीत म्हणाल्या, ठीक है, बस आपको बताना था.

"बता दिया आपने," ते म्हणाले आणि लखनौला पाऊस आहे का, असं विचारलं. ताईंनी खिडकीतून बघून सांगितलं.